घरत सिस्टरचा समुद्र

अल ऐनला पोचले त्या दुपारी मला आधी आंघोळ करायची होती. रात्रभराचं विमान, मग दुबईहून वाळूतून आलेला रस्ता, आणि बाहेर जुलैचं ऊन. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये ज्या सिस्टरबरोबर मला राहायचं होतं त्या ड्यूटीवर होत्या. वॉचमननं दार उघडून दिलं. मी बॅग टाकली, टॉवेल घेतला आणि बाथरूममध्ये गेले. नळाखाली माझ्या छातीपर्यंत येईल एवढा निळा ड्रम होता. आत छोटा पंप घरघरत होता आणि पाणी गोल गोल फिरत होतं. ड्रमाला पुठ्ठा चिकटवलेला, त्यावर ठळक मराठीत लिहिलेलं: ‘हात लावू नये. समुद्र तयार होत आहे.’

मी तशीच बाहेर आले आणि घामेजल्या अंगानं खुर्चीत बसून राहिले. ती पाटी खास माझ्यासाठी होती हे नंतर कळलं. आधीची मुलगी कोट्टायमची होती. तिच्यासाठीची मल्याळम पाटी ड्रमाच्या मागच्या अंगाला अजून होती.

संध्याकाळी दार धाडकन उघडलं आणि घरत सिस्टर आल्या. बुटक्या, रुंद, पांढऱ्या युनिफॉर्ममधल्या, चप्पल काढण्याआधीच बोलायला सुरुवात करणाऱ्या.

“आलीस गो? जेवलीस? आंघोळ केलीस?”

“नाही. तो ड्रम...”

“अगं, ड्रमाला हात लावायचा नाही म्हटलंय, अंगाला पाणी लावायचं नाही असं कुठं म्हटलंय? बाजूला उभी राहून कर. फक्त साबणाचा थेंब आत गेला तर मग मी हाय आणि तू हायस.”

मग मला हाताला धरून त्यांनी हॉलमध्ये नेलं आणि भिंतीवरची चादर बाजूला केली. ती भिंत नव्हती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काचेची टाकी होती, आणि त्यात निळसर उजेडात नारिंगी, पिवळे, जांभळे मासे फिरत होते. वाळवंटातून आलेल्या माझ्या डोळ्यांना ते सगळं एकदम थंड लागलं.

“हा बाळू,” त्या नारिंगी पट्ट्यांच्या माशाकडं बोट दाखवत म्हणाल्या, “ती पिवळी म्हणजे मेट्रन. सगळ्यांच्या मागं लागते, स्वतः काही करत नाही. आणि दगडाखाली मिश्या हलवतोय ना, तो झिंगा. डेंटिस्ट. माशांचे दात साफ करतो.” मग माझ्याकडं वळून, “आणि ही आमची नवीन फिजिओ.” माशांना माझी ओळख करून दिली होती.

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘फिजिओ’. माझं नाव त्यांना पाठ होतं, पण लागलं नाही कधी.

त्यांचं स्वतःचं आडनाव तरी कुठं कुणाला जमत होतं! अरब पेशंट घशातून ‘ग़रत’ म्हणत. मल्याळी मुलींना ‘घ’ जमायचा नाही, त्या ‘करत सिस्टर’ म्हणत. मला वाटतं तेच जास्त बरोबर होतं, कारण बाई कायम काही ना काही करत असायच्या. वॉर्डात असोत की घरी, त्यांना रिकामं बसलेलं मी एकदा सोडून कधी पाहिलं नाही. हाडांच्या महिला वॉर्डाच्या त्या इन्चार्ज. चालायच्या इतक्या भरभर की मागून येणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांना पळावं लागे.

टाकी त्यांच्याकडं आली ती अपघातानं. एक इंग्रज डॉक्टर नोकरी सोडून मायदेशी चालला होता आणि घरातलं सामान विकत होता. सिस्टर गेल्या होत्या फ्रिज बघायला. फ्रिज आधीच गेला होता. उरली होती टाकी, आणि तीत एकटा बाळू. डॉक्टर म्हणाला, घेऊन जा, नाहीतर मला याला फेकावं लागेल. “फेकावं लागेल म्हणाला गो, माझ्या तोंडावर. जिवंत माणसाला!” सिस्टर सांगायच्या. माशाला त्या माणूसच म्हणत.

माशांचं त्यांना काहीच माहीत नव्हतं असं नाही. माहेर पेणकडचं, मिठागरावरचं. आजा, बाप, चुलते सगळे भरतीचं पाणी वाफ्यांत घेऊन आटवायचे आणि मीठ काढायचे. “आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या समुद्रातून मीठ काढलं,” त्या हसून म्हणायच्या, “आणि मी नळाच्या पाण्यात मीठ घालून समुद्र करते. बाप असता तर काठी घेऊन आला असता.” त्यात आणखी एक गंमत होती. तिथलं नळाचं पाणी म्हणजे समुद्राचंच, कारखान्यात मीठ काढून गोड केलेलं. सरकारनं एवढा खर्च करून काढलेलं मीठ आम्ही चौथ्या मजल्यावर परत घालत होतो.

कामाची पद्धत मात्र वॉर्डातल्यासारखी. ड्रमात आधी गोडं पाणी, ते एक दिवस नुसतं फिरू द्यायचं. मग दुबईहून आणलेलं माशांसाठीचं खास मीठ मगानं थोडं थोडं, पंप चालू ठेवून. घाई केली तर तळाशी चुन्यासारखं बसतं. मग परत एक दिवस फिरवायचं. मग टाकीतलं पाणी आणि ड्रमातलं पाणी, दोन्हीचं टेम्परेचर सारखं आलं की शुक्रवारी सकाळी बदली. टाकीतलं थोडंच पाणी नळीनं ओढून काढायचं आणि तेवढंच नवं हळू हळू घालायचं. नवीन मासा आला तर त्याला थेट टाकीत सोडायचं नाही. त्याला बादलीत ठेवून स्टोअरनं तारीख उलटली म्हणून टाकून दिलेला ड्रिप सेट लावायचा आणि टाकीतलं पाणी थेंब थेंब बादलीत सोडायचं. सलाईनच! सिस्टर बाजूला स्टूल टाकून बसायच्या, चाकावर बोट ठेवून थेंब कमी-जास्त करायच्या आणि माशाला म्हणायच्या, “घाबरू नको बाळा. नवीन जागा हाय, होईल सवय.”

हेच वाक्य त्या नवीन आलेल्या मुलींनाही म्हणत.

खारटपणा मोजायला पाण्यात तरंगणारी काचेची नळी होती. पण सिस्टर आधी बोट बुडवून जिभेला लावायच्या, डोळे मिटायच्या, आणि निकाल द्यायच्या. “परफेक्ट.” मग नळी सोडायची. नळी दाखवायची की मीठ जास्त झालंय.

“नळी बिघडलीय,” सिस्टर म्हणायच्या.

“गेल्या महिन्यात नवीन आणलीत.”

“मग नवीनच बिघडलेली दिली असेल. मिठागरावरची पोरगी मी. मना शिकवते काय ही काच?” आणि मग मी दुसरीकडं बघतेय असं पाहून गुपचूप दोन मग गोडं पाणी ओतायच्या. माझ्या आठवणीत त्यांची जीभ एकदाही बरोबर आली नाही आणि नळीचा अपमान एकदाही चुकला नाही.

शुक्रवार म्हणजे सुट्टीचा दिवस, आणि आमच्या घरी जत्रा. सिस्टरचं एक तत्त्व होतं: ज्याचं कुणाचं मन लागत नसेल त्याला बादली द्यायची. वॉर्डात एखादी नवीन मुलगी कोपऱ्यात डोळे पुसताना दिसली की त्या विचारपूस करत बसायच्या नाहीत. “फ्रायडे को मेरे घर आना. पानी उठाना है.” बस. मुलगी यायची, भरलेली बादली हातात पडायची. बाथरूमपासून हॉलपर्यंत फरशीवर पाणी सांडू न देता चालायचं म्हणजे सगळं लक्ष पायात आणि हातात ठेवावं लागतं. दुसऱ्या फेरीपर्यंत ती कुणाशी तरी भांडायला लागायची आणि चौथ्या फेरीला हसायला. केरळच्या, फिलिपिन्सच्या, नागपूरच्या किती मुली त्या बादल्यांमागून गेल्या. काम संपलं की जेवण. रस्सा, तळलेली सुरमई, भात. जेवायला बसण्याआधी सिस्टर टाकीवर न चुकता चादर टाकायच्या.

“त्यांना कशाला दाखवायचं,” त्या हळू आवाजात म्हणायच्या. “नातलग असला कुणी तर?”

सुरमई यायची सलीमभाईंकडून. हे रत्नागिरीकडचे, राहायला अजमानला. तिथल्या मासळी बाजारातून दर गुरुवारी पिकअपमध्ये बर्फ घालून मासळी अल ऐनला आणायचे. उंच, सडपातळ, कमी बोलणारे, आणि सिस्टरपुढं तर बोलायची पाळीच येत नसे. एकदा दुबईच्या दुकानात मीठ संपलं. बोट अडकली होती, माल कधी येईल सांगता येत नव्हतं. टाकीतलं पाणी गढुळायला लागलं, बाळू तळाशी बसून राहिला. सिस्टर अस्वस्थ. सलीमभाई दारात मासळी देता देता म्हणाले, “एवढी काळजी कशाला करताव सिस्टर? दर्या अजमानला फुकट पडलाय.”

सिस्टरनी त्यांच्याकडं असं पाहिलं की जणू हे त्यांना कुणी आजवर सांगितलंच नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघी अजमानला गेलो. सलीमभाईंच्या घरी जुबेदाभाभींनी आधी सांदणं खायला घातली, मग कुणाच्या तरी बोटीनं किनाऱ्यापासून बरंच आत जाऊन पाणी भरून आणलं. ‘कडेचं नको, कडेला गटार असतंय,’ हा सिस्टरचा हुकूम. कॅन पिकअपमध्ये रचले, आम्ही दोघी सलीमभाईंच्या शेजारी दाटीवाटीनं बसलो आणि निघालो. दुबई मागं पडली, दोन्ही बाजूला तांबडी वाळू सुरू झाली, आणि एका वळणावर पोलिसानं हात दाखवला.

तरुण पोरगा होता. त्यानं मागं जाऊन कॅन पाहिले. परत आला.

“शू हादा?” हे काय?

सलीमभाईंनी तोंड उघडलं, पण सिस्टरनी आधीच खिडकीतून मान बाहेर काढली होती. “माय बहर!”

“समुद्राचं पाणी?”

“ऐवा. माय बहर. अजमान.”

पोलिसानं आमच्याकडं पाहिलं, मग समोरच्या वाळवंटाकडं पाहिलं. “लेश?” कशाला?

“समक, मासे. माझ्या घरी समक आहेत. आजारी आहेत. मी नर्स आहे.” हे सगळं त्यांनी अर्ध्या अरबीत, अर्ध्या हिंदीत आणि हातवाऱ्यात सांगितलं. पोलिसानं एक कॅन उघडायला लावला, बोट बुडवलं, जिभेला लावलं. तोंड वाकडं केलं. मग असा हसायला लागला की त्याला टोपी सांभाळावी लागली. वायरलेसवर कुणाला तरी काहीतरी सांगितलं, पलीकडूनही हसण्याचा आवाज आला.

“यल्ला, यल्ला,” त्यानं हात हलवला. “माशांना माझा सलाम सांगा.”

सिस्टरनी घरी आल्या आल्या सांगितलाही. पण त्या पाण्यानं त्यांना दुसरा धक्का दिला. नळी बुडवली तर ती नेहमीपेक्षा कितीतरी वर तरंगली. तिथला समुद्र आमच्या समुद्रापेक्षा फार खारट. एवढं ऊन, पाणी सारखं आटतं. आता त्यात गोडं पाणी घालून पातळ करावं लागणार होतं. सिस्टर ड्रमाकडं बघत उभ्या राहिल्या. “बघ गो,” त्या म्हणाल्या, “खऱ्या समुद्राचं पण प्रमाण चुकलंय.”

पाणी बदललं आणि चार दिवसांनी बाळू तळ सोडून पुन्हा फिरायला लागला.

यानंतर वर्षभरानं एका शुक्रवारी घोटाळा झाला. त्या दिवशी बादल्यांऐवजी पंप आणि लांब नळी लावून पाणी घालायचा नवा प्रयोग होता. नळीचं टोक टाकीत अडकवलं, पंप सुरू केला, आणि फोन वाजला. भारतातून. पुतणीचं लग्न ठरलं होतं. सिस्टरनी मुलगा काय करतो, हॉल कुठला, मानपान कसं, सगळं विचारलं. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. टाकीतून सुटलेलं नळीचं टोक सोफ्यामागं पडून शांतपणे समुद्र ओततंय हे आमच्या दोघींच्याही लक्षात आलं नाही.

बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे भुलीचे डॉक्टर, इजिप्तचे, पायजम्यात, डोक्यावरून पाणी ओघळत असलेले. ओठांवरचं पाणी त्यांनी जिभेनं चाखलं.

“सिस्टर,” ते अत्यंत सभ्यपणे इंग्रजीत म्हणाले, “तुमचा समुद्र माझ्या पलंगावर आला आहे.”

डॉक्टर चांगले होते. आम्ही तिघांनी मिळून त्यांची फरशी पुसली, गादी गच्चीवर टाकली, आणि सुरमई खाऊन ते जवळजवळ खूश होऊन गेले. पण छताला पडलेला डाग मेंटेनन्सवाल्यांनी पाहिला, त्यांच्याकडून बातमी ऑफिसात गेली आणि क्वार्टर्स बघणारे साहेब स्वतः आले. टाकीभोवती एक फेरी मारली. मासे सुंदर आहेत म्हणाले. पुढच्या शुक्रवारपर्यंत हे इथून गेलं पाहिजे म्हणाले.

सिस्टरनी वाद घातला नाही. वाद घालत नाहीत म्हटल्यावरच मी घाबरले. दुबईच्या दुकानदाराला फोन केला, तो मासे परत घ्यायला तयार होता. संध्याकाळी त्या टाकीसमोर बसल्या. हातात काही नाही, नुसत्या बसलेल्या. दोन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच तसं पाहत होते.

“बाळूला ते कुणाला विकतील?” मी विचारलं.

“मना काय माहीत,” त्या म्हणाल्या, आणि उठून चादर ओढून घेतली.

त्याच आठवड्यात त्यांच्या वॉर्डात उम्म खमीस होत्या. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या बाई. ऑपरेशन चांगलं झालं होतं, पण बाई उठायला तयार नव्हत्या. मी रोज वॉकर घेऊन जायची, त्या भिंतीकडं तोंड करून पडलेल्या. मुलगे यायचे, सुना यायच्या, सगळे विनवायचे. बाई कुणाशी बोलत नव्हत्या, धड जेवत नव्हत्या. अशा वयात पाय उचलला नाही तर माणूस पलंगाला खिळतं आणि मग छातीत कफ साठतो. आम्ही सगळेच आतून धास्तावलो होतो.

एकदा मी वॉकर घेऊन गेले तेव्हा सिस्टर त्यांचं अंग पुसत होत्या आणि नेहमीप्रमाणे बोलत होत्या. फक्त त्या दिवशी त्या स्वतःचं दुःख सांगत होत्या. तुटक्या अरबीत. माझे मासे जाणार. खलास. माझा समुद्र जाणार.

भिंतीकडून आवाज आला. “कुठला समुद्र?”

सिस्टरचा हात थांबला. “माझा. माझ्या घरातला.”

“मा फी बहर फिल ऐन.” अल ऐनमध्ये समुद्र नाही.

“आहे. मी बनवते.”

उम्म खमीसनी मान वळवली. इतक्या दिवसांत प्रथमच आम्हाला त्यांचे डोळे दिसले, काजळाच्या काळ्याभोर रेघेतले. “कझ्झाबा,” त्या स्पष्ट म्हणाल्या. खोटारडी.

पलंगाच्या पायथ्याशी बसलेली सून रडायलाच लागली, आनंदानं.

“खोटारडी मी?” सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “चला, दाखवते!”

“तू इथं आण.”

उम्म खमीस अजमानच्याही पलीकडच्या किनाऱ्यावरच्या. बाप मोत्यांसाठी बुड्या मारणारा. लग्न होऊन अल ऐनला आल्या, तेव्हापासून माहेरचा समुद्र मोजक्याच वेळा पाहिलेला. हे सुनेनं आम्हाला मग सांगितलं. सिस्टर ऐकत होत्या, पण त्यांचं लक्ष माझ्याकडं होतं.

“फिजिओ,” त्या मराठीत म्हणाल्या, “तुमच्या व्यायामाच्या हॉलमध्ये खिडकीजवळचा कोपरा रिकामा हाय ना गो?”

आमचे फिजिओथेरपीचे प्रमुख उंच, लाल गालांचे, मितभाषी स्कॉटिश गृहस्थ होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला. “ती बाई टाकीपर्यंत चालत येईल?”

“चालत?” माझ्या मागून आलेल्या सिस्टर म्हणाल्या. “सर, मला खोटं पाडायला ती धावत येईल.”

ते वर गेले, कुणाकुणाशी बोलले, आणि परवानगी घेऊन आले.

शुक्रवारी समुद्र हलला. सलीमभाई पिकअप घेऊन आले. बादल्यांच्या सगळ्या जुन्या-नव्या मुली आल्या. खालचे भुलीचे डॉक्टर बाह्या सरसावून आले. टाकीतलं पाणी फेकून द्यायचं नव्हतं. मासे ज्या पाण्यात रुळलेले आहेत तेच जास्तीत जास्त न्यायचं. म्हणून ते नळीनं ड्रमांमध्ये भरलं, दगड वेगळ्या ड्रमात, मासे झाकणाच्या बादल्यांत. बाळू शेवटपर्यंत हाती लागेना. भुलीच्या डॉक्टरांनी जाळी हातात घेतली, “हे माझं काम आहे, पेशंटला आधी शांत करावं लागतं,” म्हणाले, आणि खांद्यापर्यंत भिजून त्याला पकडलं.

हॉस्पिटलच्या दारात पिकअप लागली. जड ड्रम आत न्यायचे कशावरून? सिस्टरनी स्ट्रेचर मागवलं. ड्रम आडवा करता येत नाही, म्हणून पाणी बुटक्या कॅनमध्ये ओतून ते ओळीनं स्ट्रेचरवर झोपवले. आणि हाताला तेच वळण असल्यामुळं, मला वाटतं नकळतच, सिस्टरनी त्यांच्यावर पांढरी चादर टाकून कडा नीट खोचल्या.

मिरवणूक निघाली. पुढं स्ट्रेचर, मागं व्हीलचेअरवर बादलीतली मेट्रन, मग सलाईनच्या स्टँडला अडकवलेल्या पिशवीत बाळू, आणि सगळ्यात शेवटी डेंटिस्टची बादली छातीशी धरून सलीमभाई. लांबलचक कॉरिडॉरमध्ये भेटायला आलेले नातेवाईक बसले होते. चादर ओढलेलं स्ट्रेचर पाहून ते एकेक उठून उभे राहिले. एका म्हाताऱ्या बाबांनी दोन्ही हात उघडून मृतासाठी दुआ म्हणायला सुरुवात केली.

सिस्टरच्या ते लक्षात आलं. त्यांनी धावत जाऊन चादर खेचली. “हय्य! हय्य!” त्या ओरडल्या. जिवंत आहे, जिवंत! “समक, बाबा, समक!” आणि पिशवीतला बाळू त्यांच्या नाकासमोर धरला.

बाबांनी माशाकडं पाहिलं. माशानं बाबांकडं पाहिलं. मग म्हाताऱ्यानं उघडलेले हात तसेच ठेवून दुआ पुरी केली, फक्त आता बहुधा तब्येतीसाठी. आणि सगळा कॉरिडॉर हसायला लागला.

टाकी लागली, पाणी भरलं, पण ते दोन-तीन दिवस गढूळ होतं आणि सिस्टरनी उम्म खमीसना येऊ दिलं नाही. “अजून समुद्र झोपलाय,” सांगितलं. बाई रोज विचारायच्या. रोज पलंगाच्या कडेवर बसायला लागल्या. जेवायला लागल्या. चौथ्या दिवशी व्हीलचेअरवरून हॉलमध्ये आल्या. दारातून टाकी दिसत होती, लांब, खिडकीच्या उजेडात निळी. मी वॉकर पुढं केला.

मी त्या चालण्याबद्दल काही फार सांगणार नाही. फिजिओथेरपीत पहिली पावलं म्हणजे वेदना असते आणि ती बघवत नाही. बाई थांबल्या, मला शिव्या दिल्या, मग सिस्टरना दिल्या. सिस्टर टाकीशेजारी उभ्या राहून सारख्या म्हणत होत्या, “कझ्झाबा कोण? हं? कझ्झाबा कोण?” मुलगे रिकामी व्हीलचेअर मागून ढकलत आणत होते. बाई पोचल्या. एका हातानं वॉकर धरून दुसरा हात त्यांनी काचेवर ठेवला. बाळू हाताशी आला. बराच वेळ त्या नुसत्या बघत राहिल्या आणि ओठांत काही पुटपुटत राहिल्या.

मग हात वर नेला, बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं.



“मिल्ह कलील,” उम्म खमीस म्हणाल्या. मीठ कमी आहे.

सिस्टर पार बिथरल्या. “मीठ कमी? आणा रे ती नळी! फिजिओ, नळी आण!” आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी भर सभेत त्या काचेच्या नळीची बाजू घेतली. नळी बरोबर दाखवत होती. उम्म खमीसनी नळीकडं ढुंकूनही पाहिलं नाही. “हा समुद्र नाही. हे समुद्राचं सूप आहे,” त्या म्हणाल्या, आणि परत जाताना वॉकर ओढत ते अख्खं वाक्य सुनेला दोनदा ऐकवत होत्या.

पुढच्या आठवड्यापासून त्यांचा मोठा मुलगा माहेरच्या किनाऱ्यावरून समुद्राचे कॅन आणायला लागला. आईचा हुकूम. सिस्टर ते आदरानं घ्यायच्या, ‘शुकरान’ म्हणायच्या, हॉलच्या बाथरूममध्ये न्यायच्या, दार आतून लावायच्या, आणि त्यात गोडं पाणी मिसळून माशांना सोसेल असं करायच्या. मग बाहेर येऊन टाकीत घालायच्या. उम्म खमीस दर वेळी चालत यायच्या, बोट बुडवायच्या, चाखायच्या.

“आता बरोबर,” त्या म्हणायच्या.

“तुमच्यामुळं,” सिस्टर हात जोडून म्हणायच्या. वर मराठीत मला, “तोंड सरळ ठेव गो.”

उम्म खमीस काठी टेकत घरी गेल्या. टाकी तिथंच राहिली. पुढच्या काळात त्या हॉलमध्ये जो येईल त्याला आम्ही ‘टाकीपर्यंत’ चालायला सांगायचो. लहान मुलं तर ऐकायचीच नाहीत, दिवसातून चार चार फेऱ्या मारायची.

मग एका वर्षी सिस्टरची बदली आली. पूर्व किनाऱ्यावर, डोंगरापलीकडं. टाकी हलवायची नाही हे त्यांनी स्वतःच ठरवलं. पाण्याची रीत त्यांनी दोन फिलिपिनो मुलींना शिकवली, मला नाही. “तुझं लग्न ठरतंय, तू जाशील,” म्हणाल्या. ते खरं होतं. निघताना फार काही बोलणं झालं नाही. सलीमभाईंच्या पिकअपमध्ये सामान चढवण्यावरून त्या सगळ्यांवर ओरडत राहिल्या आणि ओरडता ओरडताच गेल्या.

लग्नानंतर मी नवऱ्याबरोबर दुबईला आले. एका हिवाळ्यात आम्ही दोघं पूर्व किनाऱ्यावर फिरायला गेलो आणि मी सिस्टरच्या क्लिनिकचा पत्ता शोधत गेले. ड्यूटी संपवून त्या आत्ताच खाली गेल्या, समुद्राकडं, असं कुणीतरी सांगितलं.

किनाऱ्यावर कोळी मोठं जाळं ओढत होते. तिथं ते माणसांनी नाही, दोर गाडीला बांधून ओढतात. गाडी वाळूतून मागं सरकते आणि जाळं हळूहळू किनाऱ्याला येतं. गाडी चालवणारा पोरगा शिकाऊ असावा, दोर एका बाजूला जास्त ताणला जात होता. आणि गुडघाभर पाण्यात, पांढऱ्या युनिफॉर्मची सलवार वर खोचून, दोन्ही हात हवेत उंचावून घरत सिस्टर त्याला रस्ता दाखवत होत्या. “शवय शवय! अरे शवय म्हणजे हळू, कळतं का तुला? राइट, राइट, राइट... खलास! थांब मेल्या!” बाकीचे दाढीवाले कोळी बाजूला उभे राहून गुमान बघत होते. त्यांना कुणी विचारत नव्हतं.

जाळं जवळ आलं. पाणी चांदीसारखं फुटायला लागलं, हजारो छोट्या माशांनी उसळी घेतली.

मी हाक मारली.

सिस्टर वळल्या. मला ओळखायला त्यांना क्षण लागला, आणि तेवढ्यात पाठीमागून आलेल्या लाटेनं त्यांना गुडघ्यात वाकवलं. त्या सरळ पाण्यात बसल्या, गळ्यापर्यंत, युनिफॉर्मसकट, आणि त्यांच्या चहूबाजूंनी मासे उड्या मारत होते. त्या इतक्या हसत होत्या की उठताच येत नव्हतं. कोळ्यांनी हात पुढं केला, तोही त्यांनी झिडकारला.

“उभी काय राहिलीस फिजिओ?” त्या तिथूनच ओरडल्या. “चपला काढ नि ये! नवऱ्याला पण आण!”